डॉक्टर झाला, हे कोणी ठरवायचे? कृष्णाकाठच्या वैद्यकशिक्षणाचा धागा

१/
एखादा तरुण आजपासून रोग्याच्या अंगावर शस्त्र चालवण्यास पात्र झाला, हे कोणी ठरवायचे? त्याला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या गुरूने, की त्याला आजवर कधीही न पाहिलेल्या परीक्षकाने? सातारा-सांगलीच्या मुलखात या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम नकाशा. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वी असे नव्हते. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याआधी या भागात इंग्रजी मुलूख आणि संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती: सांगली, मिरजेच्या थोरल्या व धाकट्या पात्या, जत, औंध. चार कोस चालले की राजा बदले आणि राजाबरोबर कायदाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

३/
पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा मुंबई इलाख्यातील पहिला सरकारी प्रयत्न १८२६ सालचा. मुंबईत ‘नेटिव्ह मेडिकल स्कूल’ निघाले. जॉन मॅक्लेनन हे त्याचे प्रमुख. शिकवायचे देशी भाषांतून, म्हणून पुस्तकेही देशी भाषांत करणे भाग पडले. १८३२ साली शाळा बंद झाली.

४/
१८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह असा, की वैद्यक खाटेशेजारी उभे राहून शिकायचे. व्याख्यान ऐकून ताप ओळखता येत नाही. १८५१ साली पहिले आठ जण पदवीधर झाले. त्यांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग ही नावे आहेत. आठच. संपूर्ण मुंबई इलाख्यासाठी.

५/
आठ पदवीधर सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचणार नव्हते, हे उघड होते. म्हणून दुसरा वर्ग घडवण्यात आला: हॉस्पिटल असिस्टंट. त्यांच्यासाठी ग्रँट कॉलेजातच मराठी व गुजराती वर्ग निघाले आणि १८७८ साली पुण्यात बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकशाळा उभी राहिली. आजच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे ते मूळ.

६/
हॉस्पिटल असिस्टंट हा हुद्द्याने दुय्यम. प्रत्यक्षात मात्र तालुक्याच्या गावी तोच एकटा डॉक्टर. मोडलेले हाड, अडलेले बाळंतपण, सर्पदंश, पटकी, आणि न्यायालयासाठी करायची शवचिकित्सा, सारे त्याच्याच दारात. ज्याला कमी शिकवले त्यालाच सर्वांत एकाकी जागी पाठवायचे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यावर व्हावी तेवढी टीका त्या काळी झाली नाही.

७/
आता मिरज.

१८८९ साली विल्यम जेम्स वानलेस हा चोवीस वर्षांचा डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आला. जन्म कॅनडात, वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये. प्रारंभी सांगलीत दवाखाना, नंतर मुक्काम मिरजेत. मिरजेचे अधिपती गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला आणि १८९४ साली रुग्णालय उघडले. गावाने त्याला नाव ठेवले ‘मिशन हॉस्पिटल’.

८/
मिरज हे रेल्वेचे जंक्शन. या एका गोष्टीने रुग्णालयाचे भवितव्य ठरले. कोल्हापूर, बेळगाव, पुणे या तिन्ही दिशांनी रोगी येऊ लागले. मोतीबिंदू, मूतखडा, गाठी. वानलेस यांच्या हाताचा लौकिक इतका झाला, की शस्त्रक्रिया करणारे हात दोन आणि दारात माणसे शेकड्यांनी, अशी अवस्था आली.

९/
१८९७ साली वानलेस यांनी मिरजेत वैद्यकशाळा सुरू केली. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग शिरला होता आणि तो दक्षिणेकडे सरकत होता. मिशनच्या दवाखान्यांना हाताखाली शिकलेली माणसे हवी होती. विद्यापीठाचे पदवीधर खेड्यात यायला तयार नव्हते. उत्तर सरळ होते: माणसे इथेच तयार करायची.

१०/
या शाळेजवळ काय नव्हते, याची यादी मोठी होईल. मुंबईसारख्या प्रयोगशाळा नव्हत्या, प्राध्यापकांचा ताफा नव्हता, पदवी देणारे विद्यापीठ पाठीशी नव्हते. पुढे डॉ. चार्ल्स व्हेल येऊन मिळाले, तरी शिकवणारे मोजकेच. पण मोठमोठ्या शाळांना जे मिळत नव्हते ते इथे अमाप होते. ते म्हणजे रोगी.

११/
याचे महत्त्व कळण्यासाठी त्याच काळातली अमेरिका पाहावी. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकशाळांची पाहणी प्रसिद्ध केली. अनेक ठिकाणी चित्र असे, की विद्यार्थी दोन-तीन वर्षे व्याख्याने ऐकतो, फी भरतो आणि रोग्याला जवळजवळ हात न लावता डॉक्टर होऊन बाहेर पडतो. या अहवालानंतर कितीतरी शाळांना टाळे लागले.

१२/
फ्लेक्सनरच्या मोजपट्टीवर मिरजेची शाळाही प्रयोगशाळेच्या रकान्यात नापास झाली असती. रुग्णालयाच्या रकान्यात मात्र तिने कितीतरी नामवंत शाळांना मागे टाकले असते. एकच शाळा एका रकान्यात नापास आणि दुसऱ्यात अव्वल. मग तिचा विद्यार्थी पात्र की अपात्र?

१३/
मिरजेला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नव्हते. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांचे हे गाव. भोपळा कसा निवडावा, जवारी कशी काढावी, हे तिथला मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिकतो. त्याची परीक्षा कागदावर कोणी घेत नाही. वाद्य बोलले की तो पास. वानलेस यांच्या शाळेचा पाया याच जातीचा होता. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि पुढे कामावर ठेवणारा, तिघेही एकाच मिशनचे.

१४/
या पद्धतीचे बळ उघड आहे. गुरूला शिष्याचा हात माहीत असतो. तो रात्री बोलावल्यावर येतो की नाही, रक्त पाहून गांगरतो की नाही, चूक झाली तर सांगतो की लपवतो, हे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

१५/
दोषही तितकाच उघड. ज्याला मनुष्यबळाची निकड आहे तोच पात्रता ठरवत असेल, तर निकड पात्रतेवर मात करणार नाही याची हमी काय? गुरू वानलेस यांच्यासारखा असेल तर ठीक. पण त्याच न्यायाने कोणीही चार मुले जमवून ‘डॉक्टर’ अशी पाटी वाटू लागला तर? आणि हे काल्पनिक नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाच्या मोठ्या शहरांत पदव्या वाटणाऱ्या खासगी संस्था निघाल्या होत्याच.

१६/
सरकारचे उत्तर १९१२ साली आले. मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचेच नाव तीत चढणार. त्याच वर्षी मुंबईत ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ ही संस्था निघाली. नावात कॉलेज असले तरी तिचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. जुन्या पिढीतल्या कितीतरी डॉक्टरांच्या पाटीवर दिसणारे ‘एल. सी. पी. एस.’ हे तिचेच प्रशस्तिपत्र.

१७/
१९१६ साली हिंदुस्थान सरकारने आणखी एक पाऊल टाकले. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी वाटावी अशी अक्षरे अधिकाराशिवाय देणे आणि लावणे, दोन्ही गुन्हा ठरले. शिकवण्याचा आणि पारखण्याचा अधिकार इथे प्रथमच कायद्याने वेगळा झाला.

१८/
आता दुसऱ्या भागातला नकाशा आठवावा. मिरज संस्थानात होती. हे कायदे ब्रिटिश मुलखाचे. शाळा मिरजेत चालवायला आडकाठी नव्हती. पण तिथे शिकलेला तरुण तासगावला किंवा कऱ्हाडला दवाखाना घालायला गेला, की तो ब्रिटिश हद्दीत येई आणि नोंदवहीचा प्रश्न उभा राही. रोगी हद्द ओलांडून मिरजेत येत होते, त्यांना कोणी अडवत नव्हते. पात्रता मात्र हद्दीवर थांबत होती.

१९/
याच सुमारास साताऱ्यात वेगळा प्रयोग चालू होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे ‘आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय’ निघाले. नावातच भूमिका आहे: आर्य अधिक आंग्ल. आयुर्वेद शिकवायचा, आणि नव्या वैद्यकाकडे पाठ फिरवायची नाही. हे महाविद्यालय आजही साताऱ्यात आहे.

२०/
आयुर्वेदाच्या बाजूने पाहिले तर पात्रतेचा प्रश्न सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात विद्यार्थ्याने हात कसा बसवावा हे सांगितले आहे. छेदनाचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड यांवर. शीर उघडण्याचा मृत जनावराच्या शिरेवर वा कमळाच्या देठावर. शिवणाचा जाड कापडावर. पट्टी बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘स्किल्स लॅब’ दाखवताना तो रबरी पुतळा अभिमानाने दाखवतात. कल्पना नवी नाही, रबर नवे आहे.

२१/
सुश्रुत त्यापुढेही जातो. केवळ शास्त्र जाणणारा आणि कर्म न केलेला वैद्य रोग्यासमोर तसाच गोंधळतो जसा भित्रा रणांगणात. केवळ कर्म जाणणारा आणि शास्त्र नसलेला वैद्य राजाकडून शिक्षेस पात्र. आणि ज्याने दोन्ही मिळवले, त्यानेही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पडावे, असे पुढच्या अध्यायात आहे. गुरूची पसंती पुरेशी नाही, हे त्या ग्रंथालाही मान्य होते.

२२/
राजाची ही अनुज्ञा वैद्यांना आधुनिक रूपात मिळाली १९३८ साली. त्या वर्षीच्या मुंबईच्या कायद्याने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी वेगळी नोंदणी आली. नोंदणी म्हटली की मान्य अभ्यासक्रम आला, आणि अभ्यासक्रम आला की बाहेरचा परीक्षक आला. घरी वडिलांकडून शिकलेल्या वैद्याचा मुलगा आणि महाविद्यालयात शिकलेला विद्यार्थी यांतली रेषा इथून ठळक होत गेली.

२३/
परीक्षक परीक्षकाला तपासतो तेव्हा काय होते, याचाही धडा याच काळातला. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल हिंदी विद्यापीठांच्या पदव्यांना मान्यता देत असे. पहिल्या महायुद्धानंतर तिने विचारायला आरंभ केला, की तुमच्या विद्यार्थ्याने बाळंतपणे स्वतः किती हाताळली? प्रसूतीच्या प्रशिक्षणावरून वाद वाढत गेला आणि १९३० साली मान्यता काढून घेण्यात आली. त्यात राजकारण होते, वर्चस्वाची भावनाही होती. पण विचारलेला प्रश्न खोटा नव्हता.

२४/
त्यातून १९३३ च्या कायद्याने हिंदुस्थानची स्वतःची मेडिकल कौन्सिल झाली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने सांगितले, की दोन प्रतींचे डॉक्टर नकोत. खेड्यातल्या माणसालाही पूर्ण शिकलेलाच डॉक्टर मिळाला पाहिजे. पुण्याची वैद्यकशाळा त्याच वर्षी महाविद्यालय झाली. हॉस्पिटल असिस्टंटांची जी परंपरा सहाव्या भागात आली, तिचा हा शेवट.

तत्त्व निर्विवाद होते. व्यवहारात मात्र खेड्यात जाणारा अर्धा डॉक्टर गेला आणि पूर्ण डॉक्टर शहरात राहिला. या हिशेबाचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.

२५/
वानलेस १९२८ साली निवृत्त होऊन परतले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. क्षयरोग्यांसाठी त्यांनी उभारलेल्या आरोग्यधामाभोवतीची वस्ती आज वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. त्यांच्या वैद्यकशाळेची परंपरा वेगळ्या रूपात परतली ती १९६२ साली.

२६/
त्या वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचे. विद्यार्थ्यांना शिकायला रोगी हवेत, आणि रोगी होते मिशन हॉस्पिटलात व सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलात. ज्या वॉर्डांत वानलेस यांनी विद्यापीठाशिवाय डॉक्टर घडवले, त्याच आवारात आता विद्यापीठाचे विद्यार्थी उभे राहिले. मिरज-सांगली हे दहा किलोमीटरचे अंतर अनेक पिढ्यांच्या भावी डॉक्टरांनी एस. टी.च्या पायरीवर पाठांतर करत कापले आहे.

२७/
आता परीक्षेचे रूप पाहावे. एम. बी. बी. एस.च्या शेवटच्या परीक्षेत ‘लाँग केस’ असते. विद्यार्थ्यापुढे एक अनोळखी रोगी. ठरलेल्या वेळात त्याची हकीकत ऐकायची, तपासायचे, निदान मांडायचे. समोर दोन प्रकारचे परीक्षक: आपल्या महाविद्यालयाचा ‘इंटर्नल’ आणि बाहेरगावाहून आलेला ‘एक्स्टर्नल’. गुरू आणि परका, दोघेही एकाच टेबलाशी. १८९७ आणि १९१२ यांच्यातला वाद असा टेबलाच्या दोन खुर्च्यांवर बसवला गेला.

२८/
या परीक्षेत आणखी एक परीक्षक असतो, त्याचे नाव कागदावर नसते. तो म्हणजे रोगी. जत किंवा आटपाडीहून आलेली आजी इंग्रजी लक्षणे सांगत नाही. ती म्हणते, ‘पोटात मुरडा येतोय’, ‘उमासे येत्यात’, ‘छातीत भरून येतंय’, ‘डोळ्यांपुढं अंधारी येती’. पाठ्यपुस्तक इंग्रजीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत, आणि निदान मात्र या चार शब्दांत दडलेले. मुरडा आणि कळ यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने कितीही पुस्तके वाचली तरी तो इथे अडखळतो. परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांना मराठी शिकणे का भाग होते, हे वेगळे सांगायला नको.

२९/
लाँग केसचा मोठा दोष म्हणजे नशीब. एकाला झडपेचा विकार असलेला सरळ रोगी मिळतो, दुसऱ्याला काहीच न सांगणारा. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी यावर उपाय सुचवला. परीक्षेचे अनेक छोटे थांबे करायचे. प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक थांब्यावर तेच काम करणार, गुण आधी ठरलेल्या यादीप्रमाणे. ‘ऑस्की’ या नावाने ती पद्धत जगभर गेली. न्याय वाढला. थांब्यावर घंटा वाजली की रोग्याचे वाक्य अर्धवट सोडून पुढे जावे लागते, हा तिचा मोबदला.

३०/
दरम्यान महाविद्यालये वाढली. १९८४ साली कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय संस्था, पुढे सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय, आणि २०२१ साली साताऱ्यात शासकीय महाविद्यालय. शासकीय महाविद्यालयांच्या परीक्षा आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. एकेकाळी या मुलखातल्या तरुणाला वैद्यक शिकायला पुणे-मुंबई गाठावी लागे. आता कृष्णेच्या काठाकाठाने तीन-चार ठिकाणी तो शिकू शकतो.

३१/
२०१९ साली देशभर नवा अभ्यासक्रम लागू झाला. किती वर्षे शिकला यापेक्षा काय करता येते याला वजन. पहिल्याच महिन्यात स्थानिक भाषेची ओळख; रोग्याशी बोलणे आणि संमती घेणे हा अभ्यासाचाच भाग. आणि प्रत्येकाच्या हातात एक ‘लॉगबुक’. कोणते कौशल्य, कोणत्या तारखेला, कितव्यांदा केले, याची नोंद.

३२/
लॉगबुकातल्या प्रत्येक ओळीला शिक्षकाचा शेरा लागतो: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके, अपेक्षेपेक्षा सरस. त्यापुढे निर्णय: पूर्ण झाले, पुन्हा करा, किंवा वेगळ्या मदतीची गरज. मग शिक्षकाची सही. विद्यापीठाची परीक्षा आणि बाहेरचा परीक्षक कायम आहेतच; पण वानलेस यांच्या काळातली ती नजर, शिष्याचा हात ओळखणारी, कायद्याने बाजूला ठेवल्यानंतर शंभर वर्षांनी छापील रकान्यातून परत आली. शेकडो ओळींवर घाईघाईने एकदम सह्या उरकल्या गेल्या तर ती नजर कुठे राहील, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाला चुकलेला नाही.

३३/
त्या ओळीच्या शेवटी आणखी एक छोटा रकाना आहे. तिथे विद्यार्थ्याची सही असते. आपल्याला काय जमले नाही हे शिक्षकाने सांगितले आणि आपण ते ऐकले, एवढ्यासाठी.